अर्ध्यात न सुटलेला धवला

कुंदाबाय बोलत असताना मध्ये कोणी बोललं, तर त्या थांबत. समोरच्याचं पुरतं होऊ देत. मग जिथे थांबल्या होत्या तिथून नव्हे, पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू करत. "चहात साखर चालेल का?" इतकंच कोणी विचारलेलं असलं तरी हाच नेम. त्यांच्याकडे येणारी-जाणारी माणसं दोन भेटींत ऐकायला शिकत. ज्यांना शिकता आलं नाही, त्यांत एक नावाजलेले फौजदारी वकील होते. त्यांची शिकवणी भर न्यायालयात झाली.

ही सवय धंद्यातून आलेली होती. कुंदाबाय घरत धवलारीण होत्या. तळोज्याच्या खाडीकाठच्या आगरी गावांत लग्नाचे विधी जी बाई गाऊन लावते ती धवलारीण, आणि ती गाते तो धवला. ब्राह्मण नंतर येतो. आधी मांडवात ती बसते, तांदळाच्या पिठाने चौक काढते, आणि घरच्या देवांना, गावदेवीला, त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते. आता डीजे आहे, बेंजो आहे, हळदीला वरून ड्रोन फिरतो. पण हे बोलावणं झाल्याशिवाय घरातली जुनी बाई नवऱ्याला पाटावर बसू देत नाही. धवल्याचा एक नियम आहे. तो मध्येच तुटला तर तुटल्या जागी जोडायचा नाही. पहिल्यापासून घ्यायचा.

कुंदाबायनी आयुष्यात एकदाच धवला अर्ध्यात सोडला. पुढचं सगळं त्यातून झालं.

मी तेव्हा एका दैनिकासाठी न्यायालयाच्या बातम्या करत होते. कुंदाबाय पहिल्यांदा दिसल्या त्या सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात, बाकड्यावर, हिरव्या नऊवारीत. चेहऱ्याची डावी बाजू कपाळापासून गळ्यापर्यंत जळालेली होती. डावा डोळा गेला होता. त्या जागी मांडीची कातडी ताणून बसवलेली. ओठांचा डावा कोपरा हनुवटीकडे ओढला गेला होता, त्यामुळे पाणी पिताना त्या तो कोपरा बोटाने दाबून धरत. घशात नळी घालावी लागली होती. आवाज राहिला होता, पण खरखरीत आणि खाली उतरलेला. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला नव्हता. समोरून येणारा माणूस नजर चुकवू लागला की त्या उजव्या डोळ्याने त्याच्यामागे व्हरांड्याच्या टोकापर्यंत जात.

पहिली बातमी छापून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मुलीने बातमी वाचून दाखवली असावी.

"ए पेपर. ही पीडिता कोन?"

"तुम्हीच."

"पीडा कोनी दिली?"

"आरोपीने."

"मग ती त्याच्या नावापुढं लाव. माझ्या नावापुढं माझा धंदा लाव. धवलारीन."

त्यानंतर मी तसंच लिहिलं. कार्यालयात विचारणा झाली, कंसात अर्थ द्यावा लागला, पण शब्द राहिला. फोटोच्या वेळी पुन्हा तोच प्रकार. आमचा छायाचित्रकार भला माणूस होता. त्याने पाठमोरा फोटो घ्यायचं ठरवलं. कुंदाबाय वळून त्याच्यासमोर आल्या. "तोंड जालला त्यानी, आनि लपवू मी? इकडून काढ. डोल्याची बाजू येऊ दे." अखेरपर्यंत त्या मला नावाने नव्हे, 'पेपर' म्हणूनच हाक मारत.

त्यांचं घर गावठाणात होतं. खाली त्या राहत. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत तळोज्याच्या कारखान्यांत काम करणारी कुटुंबं भाड्याने होती. नवरा त्यातल्याच एका कारखान्यात होता, काही वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला. मुलगी सविता दिघ्याला दिलेली. गच्चीवर वर्षभर काही ना काही वाळत असे: जवळा, सुके बोंबील, मिठाच्या मिरच्या. कुंदाबायची भांडणंही तशीच टिकाऊ होती. नवऱ्याच्या दहाव्याला शेजारची एक बाई हसली, म्हणून त्या तिच्या ओट्यावर पुन्हा कधी टेकल्या नाहीत, आणि तिच्या मुलीच्या लग्नात धवला पुरा झाल्यावर पाणीही न पिता उठल्या. मी एकदा विचारलं, इतका राग धरून त्रास होत नाही का? त्या सुपात जवळा पाखडत होत्या.

"राग वला ठेवला तं वास येतो. सगल्या घराला समजतं. राग सुकवायचा. सुकटासारका. मग वरीसभर पुरतो, आनि बरनीत हाय ते कोनाला दिसत पन नाय."

सविता तिथेच होती. म्हणाली, "आये, किती टेन्शन घेशील?"

"मी कुठं घेतंय? देतंय."

नरेशच्या हळदीची गोष्ट मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकली. मध्ये न बोलता ऐकायची, म्हणून पाठच झाली.

नरेश त्याच गावचा. तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात कामाला. त्याचं लग्न शेजारच्या गावातल्या मुलीशी ठरलं. धवल्याला कुंदाबाय. नरेशच्या हळदीत त्यांनी त्याच्या पायांना हळद लावली तेव्हा उजव्या पायाची अंगठ्याजवळची दोन बोटं कातडीने जोडलेली दिसली. कुंदाबाय मोठ्याने म्हणाल्या, "नवऱ्याच्या आधी याची बोटंच लगीन लावून बसलीत!" मांडव हसला. नरेशही हसला. त्यानंतर नवरीकडची हळद. तिथे चौक काढून, धवला धरून, कुंदाबाय देवांची नावं घेत होत्या आणि नवरीच्या पायाला हळद लावत होत्या. तिने खाली वाकून इतकंच सांगितलं की ती अजून शाळेत आहे आणि तिला हे लग्न नको आहे. कुंदाबाय गायच्या थांबल्या. सगळ्यांना वाटलं, खोकला आला. त्यांनी हातातलं पीठ ताटात झटकलं आणि उठून उभ्या राहिल्या.

"पोरीची उमर नाय. मी नाय लावत."

धवलारीण चौकावरून उठली म्हणजे ते लग्न लागत नाही. दुसरी धवलारीण तुटलेल्या चौकावर बसत नाही. त्याच संध्याकाळी कुणीतरी पोलिसांना फोन केला. कुणी, ते कुंदाबायनी कधी सांगितलं नाही. लग्न मोडलं.

त्यांनी इथे थांबायला हवं होतं, असं सविताचं मत होतं. कुंदाबाय थांबल्या नाहीत. एकाच बाजूची हळद लागलेल्या नरेशला त्यांनी 'अर्धी हळद' असं नाव ठेवलं. आगरी गावात असं नाव लागलं की रेशन कार्डावरच्या नावापेक्षा ते टिकतं. नाक्यावर, रिक्षा स्टँडवर, क्रिकेटच्या मैदानात त्याला त्याच नावाने हाक येऊ लागली. पुढे न्यायालयात बचावाने हे मांडलं, आणि ते खोटं नव्हतं. कुंदाबायनीही नाकारलं नाही.

"ठेवला नाव. मी नावच ठेवला. मी त्याच्यावर काय वतला नाय."

घटना कशी घडली हे सांगण्याआधी जुईनगरच्या एका हॉलमधला प्रसंग सांगायला हवा, जरी तो नंतरचा आहे. खटला चालू असतानाच कुंदाबाय पुन्हा धवल्याला जाऊ लागल्या होत्या. गावातलं एक कुटुंब जुईनगरला फ्लॅटमध्ये राहायला गेलेलं. लग्न तिथल्या हॉलमध्ये. कुंदाबाय चकचकीत फरशीवर चौक काढत गात होत्या. हॉलचा मॅनेजर, उंच, टाय लावलेला, लगबगीने आला.

"मॅडम, फ्लोअर खराब होईल. रांगोळी बाहेर काढा ना, प्लीज."

कुंदाबाय थांबल्या. त्याचं बोलणं पुरतं होऊ दिलं. मग गणपतीपासून पुन्हा सुरुवात केली. मॅनेजर काही कळावं म्हणून दोन पावलं पुढे आला, आणि त्याचा बूट पिठाच्या रेघेजवळ पोचताच भिंतीकडेच्या साऱ्या बाया एकदम ओरडल्या, "बूट! बूट!" तो दचकून मागे सरला. कुंदाबाय पुन्हा गणपतीपासून. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं: चौकाजवळ येणारा प्रत्येक जण, फोनवर बोलणारे पुरुष, ताटं घेतलेल्या पोरी, रेघेच्या हातभर अलीकडे चपला सोडत होते. खाली न बघता. कोणी कोणाला सांगत नव्हतं. त्या गावांत वाढलेल्या पायांना ते आपोआप कळतं. मॅनेजर नेरूळचा असेल नाही तर नागपूरचा. त्याला ते ठाऊक नव्हतं.

नरेशला ठाऊक होतं.

सकाळची वेळ होती. एका घरच्या मांडवात कुंदाबाय जमिनीवर बसून चौक काढत होत्या. बाया आत नाश्त्याला गेल्या होत्या, दोघी-तिघी आसपास. मांडवात हेल्मेट घातलेला एक माणूस शिरला, हातात झाकणाचा डबा. हेल्मेटमुळे कोणी दखल घेतली नाही. लग्नघरात दिवसभर डिलिव्हरीवाले येत असतात. कुंदाबायनी मान वर केली नाही. पिठाची रेघ ओढताना मान वर करत नाहीत. त्यांना रेघेच्या पलीकडे दोन पाय येताना दिसले. ते पाय थांबले. एकेक करून चपलेतून बाहेर आले. उजव्या पायाची दोन बोटं जोडलेली होती. मग पाय रेघ चुकवून, चौकाच्या कडेने, जपून त्यांच्या डाव्या बाजूला आले. कोण आहे हे कळून त्यांनी मान वर केली, आणि डब्यातलं ॲसिड त्यांच्या तोंडावर आलं.

तो अनवाणी पळाला. गेटबाहेर बाईक चालू ठेवलेली होती. चपलांचं पुढे काय झालं ते कोणालाच सांगता आलं नाही. लग्नाच्या मांडवात चपलांचा ढीग असतो आणि त्या गोंधळात ज्याने त्याने हाताला येईल ती पायात घातली. पंचनाम्यात चपलांचा उल्लेख नव्हता. पहिल्या जबाबात 'हेल्मेटधारी अनोळखी इसम' होता, कारण तो जबाब मांडवातल्या माणसांचा होता. कुंदाबाय बोलू शकत नव्हत्या. घशात नळी होती आणि लिहिता येत नव्हतं. नळी निघाली तेव्हा त्यांनी नाव सांगितलं. नरेशला त्यानंतर अटक झाली.

मग गाव आपल्या गतीने कामाला लागलं. मांडवात ज्या बाया होत्या त्यांना काही आठवेना. ज्याच्या घरचा मांडव, तो नरेशच्या मावशीचा दीर. गावकीची चार माणसं एका सकाळी कुंदाबायच्या ओट्यावर आली. मी तिथे होते. त्यांना माझं असणं आवडलं नाही, पण कुंदाबायनी मला उठू दिलं नाही.

"कुंदाबाय, जामिनावर पोरगा सुटलाय. गावदेवीच्या देवलात येईल, सगल्या गावासमोर तुझ्या पाया परेल," त्यांतले वडीलधारे म्हणाले. "तू कोर्टात बोल, मना नक्की दिसला नाय. तुजा डोला काय परत येनार हाय? त्याची आयुष्याची वाट लागंल."

"पाया परनार?"

"सगल्यांसमोर."

"त्याच्या पायानीच तं वलखला मी त्याला, पाटील. तेच पाय मना देवलात दाखवनार?"

ते गेल्यावर कुंदाबायनी ओटा धुतला. मग मला म्हणाल्या, "त्यांना वाटतं मी रडून-रडून थकेन. मी रडतच नाय. त्या डोल्यातून पानी येत नाय आता, आनि ह्याच्यातून मी येऊ देत नाय."

खटला उभा राहिला तेव्हा स्थिती अशी होती. मांडवातले साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. हेल्मेटमुळे चेहरा कोणी पाहिलेला नव्हता. चपला नव्हत्या. डबा सापडला नव्हता. आरोपीचं वैर उघड होतं, पण वैर म्हणजे पुरावा नव्हे. उरल्या कुंदाबाय. त्यांचा शब्द टिकला तर खटला टिकणार होता. सरकारी वकील बाईंनी त्यांना आधीच समजावलं होतं: विचारलं तेवढंच सांगा. कुंदाबायनी मान डोलावली होती. मान डोलावणं ही त्यांची नकार देण्याची एक पद्धत होती.

बचावाचे ते नावाजलेले वकील उठले आणि उलटतपासणी सुरू झाली.

"तुम्ही चेहरा पाहिला नाही?"

"नाय. हेल्मेट होता."

"आवाज?"

"बोलला नाय."

"म्हणजे फक्त पाय पाहिले."

"मी खालीच बसतंय साहेब. माझ्या धंद्यात मानसं पायापासून दिसतात."

"आरोपीची बोटं जोडलेली आहेत हे सगळ्या गावाला माहीत होतं?"

"हो. मीच सांगितला गावाला."

मागच्या बाकांवर कोणी हसलं. नरेश आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता, इस्त्रीचा शर्ट, काळे चकचकीत बूट, मोजे.

वकिलांनी मग घटना सांगायला सांगितलं आणि त्या सांगू लागताच त्यांना मध्ये अडवलं. ही त्यांची ठरलेली रीत होती. साक्षीदाराचा धागा तोडायचा, म्हणजे जुळवताना तो चुकतो. कुंदाबाय थांबल्या. वकिलांचं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "सकालची येल होती. मी चौक काढत होती." वकिलांनी पुन्हा अडवलं. पुन्हा: "सकालची येल होती. मी चौक काढत होती." शब्द तेच, क्रम तोच. काही वेळाने वकिलांच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागलं. त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं की ही साक्ष पढवलेली आहे, साक्षीदार पोपटासारखी पाठ म्हणत आहे. सरकारी वकील बाई टेबलाकडे बघत होत्या. मीही त्या क्षणी वहीत तसंच काहीतरी लिहिलं होतं: साक्ष घसरते आहे.

पण वकिलांना एक गोष्ट दिसत नव्हती, कारण त्यांची पाठ आरोपीकडे होती. दर वेळी सकाळ व्हायची, चौक निघायचा, पाय यायचे, चपलेतून बाहेर पडायचे, आणि दर वेळी त्या ठिकाणी नरेश आपल्या बुटांकडे बघायचा. वकील जितक्यांदा तोडत होते, तितक्यांदा त्याला ती सकाळ पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागत होती. न्यायाधीशांची खुर्ची मात्र पिंजऱ्याच्या समोर होती.

"बाई," वकील म्हणाले, "ॲसिड टाकायला आलेला माणूस, ज्याला लगेच पळून जायचंय, तो आधी चपला काढेल? हे कोणाला पटेल?"

"तुमाला नाय पटनार. तुमच्याकडे चौक नाय. हा आमच्यातलाच हाय म्हनून काढल्या त्यानी. चौक बाटू नये म्हनून चपला काढल्या. रेघ मोडू नये म्हनून बाजूनी आला. आनि मग माझ्या तोंडावर वतला. पिठाला जपला. मना नाय जपला."

वकील अनुभवी होते. त्यांनी वाट बदलली.

"तुम्हाला आरोपीचा राग आहे."

"हाय."

"तुम्हाला सूड हवा आहे."

"हवा हाय. तुमाला काय वाटला, मी इथं हलदीकुंकवाला आली?"

"म्हणजे सूडापोटी तुम्ही ह्याचं नाव घेतलंत."

कुंदाबायनी ओठाचा कोपरा बोटाने दाबून धरला. पाणी पिताना धरत तसा. महत्त्वाचं बोलायचं असलं की त्या तसं करत, म्हणजे शब्द गळत नसत.

"साहेब, मना सूड हवा हाय म्हनूनच मना खोटा मानूस नको. खोटा मानूस आत गेला तं माझा सूड बाहेर फिरेल. मी त्याला सोडून दुसऱ्याला कशाला धरू?"

पुढे निकालपत्रात हेच वेगळ्या भाषेत आलं. जखमी साक्षीदार जागेवर होता हे त्याच्या जखमाच सांगतात. आणि आपल्याला जायबंदी करणाऱ्या खऱ्या माणसाला सोडून तो भलत्याला गुंतवणार नाही, म्हणून अशा साक्षीला कायदा वजन देतो. ती मोडायला तितकंच भक्कम कारण लागतं.

एक आधार आणखी होता आणि तो चपलांमुळेच मिळाला. अटकेच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत नरेशच्या उजव्या पायाच्या पाठीवर भरत आलेले भाजल्याचे डाग नोंदलेले होते. थेंबांचे. तेव्हा त्याने सांगितलं होतं, कंपनीत उडालं. कंपनीच्या पर्यवेक्षकाने साक्षीत सांगितलं की आत सेफ्टी शूजशिवाय कोणाला सोडत नाहीत आणि तसा अपघात झालेला नाही. सरकारी वकील बाईंनी एवढंच दाखवून दिलं: डाग पायाच्या पाठीवर सगळीकडे आहेत. बूट असता तर पायाला लागलंच नसतं. चपला असत्या तर पट्ट्याखालची जागा कोरी राहिली असती. तो पाय उघडा होता. मांडवातल्या साऱ्या गावाला जे आठवत नव्हतं, ते नरेशच्या पायाला आठवत होतं.

न्यायाधीशांनी त्याला उजवा बूट काढायला सांगितलं. त्याला नाडी सुटेना. खाली वाकून तो बराच वेळ गाठीशी झटत राहिला. कुंदाबाय उभ्या राहून बघत होत्या. त्यांचा आवाज खाली होता, पण पिंजऱ्यापर्यंत गेला.

"त्या दिशी कोनी सांगितला नव्हता, तरी काढल्यास."

न्यायाधीशांनी त्यांना समज दिली. त्यांनी हात जोडले.

जन्मठेप झाली. ॲसिड हल्ल्याच्या गुन्ह्याला कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप; त्यातलं जास्तीचं लागलं. नरेशची आई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं कुंदाबाय तिच्याकडे बघणार नाहीत. त्या तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, तिने वर बघेपर्यंत थांबल्या, आणि मग निघाल्या. बाहेर सरकारी वकील बाईंना त्यांनी विचारलं, "आता सुटनार नाय ना?"

"अपील आहे, पॅरोल असतो, पुढे शिक्षेत सूट..."

"म्हनजे सुटंल कवातरी."

"तसं नाही, पण कायद्यात..."

"कायद्याचा सूड झाला," कुंदाबाय म्हणाल्या. "माझा राहिलाय."

नरेश तळोज्याच्या तुरुंगात गेला. गावातून निघालं की रिक्षाने फार वेळ लागत नाही. कुंदाबायना हे अंतर आवडत असे. गच्चीवर मिरच्या उलटताना त्या कधी कधी त्या दिशेला मान करून म्हणत, "वास जात आसंल."

त्यानंतर नरेशच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. आसपासच्या गावांतल्या धवलारणी एक तर कुंदाबायच्या हाताखाली शिकलेल्या, नाही तर त्यांना भिऊन असणाऱ्या. एकीनेही सुपारी घेतली नाही. मुलीकडच्यांनी सांगितलं, धवल्याशिवाय मुलगी देणार नाही. शेवटी नरेशची आई कुंदाबायच्या ओट्याशी आली. पायरी चढली नाही. सविताने मला नंतर सांगितलं की कुंदाबाय लगेच म्हणाल्या, "येतंय." फक्त येतंय. सविताला बरं वाटलं होतं. मलाही वाटलं. मी गेले ती माफीची बातमी मिळेल म्हणून, हे खरं आहे.

सकाळचा मांडव. कुंदाबाय नव्या जांभळ्या नऊवारीत आल्या. हातभर अलीकडे चपला सोडल्या. खाली बसल्या. चौक सुंदर काढला. एका डोळ्याने अंतर चुकतं, म्हणून त्या आता डाव्या हाताच्या वितीने रेघ मोजत ओढत. मग धवला धरला. खरखरीत आवाजाने मांडव शांत केला. गणपती झाला, गावदेवी झाली, खाडीचा देव झाला. मग त्या घरातली गेलेली माणसं येऊ लागली.

"ये रे आज्या पोशा, ये रे मांडवाच्या दारी... ये गं आजे गंगे, ये गं मांडवाच्या दारी... ये रे बापा धर्मा, ये रे मांडवाच्या दारी..."

धर्मा म्हणजे नरेशचा बाप, वारलेला. त्याच्या नावापाशी यादी संपायला हवी होती. कुंदाबायनी ओठाचा कोपरा दाबून धरला.

"ये रे नरेशा, ये रे मांडवाच्या दारी..."

नवरदेवाच्या हातातली सुपारी खाली पडली. त्याची आई उभी राहिली.

"बाय गं! तो जिता हाय! बाय, माझा नरेश जिता हाय गं!"

कुंदाबाय थांबल्या. तिचं पुरतं होऊ दिलं. तिला कोणीतरी धरून खाली बसवलं. मग कुंदाबायनी पिठाची चिमूट पुन्हा घेतली आणि गणपतीपासून सुरुवात केली.

गणपती झाला. गावदेवी झाली. खाडीचा देव झाला. आता पुढे काय येणार हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि कोणी बोललं तर ते पुन्हा येणार हेही माहीत होतं. पोशा आला, गंगी आली, धर्मा आला. नरेश आला. त्याच्या आईने पदर तोंडात कोंबला होता. तिने आवाज केला नाही. कोणीच केला नाही. धवला अखंड गेला आणि पूर्ण झाला. नवरदेवाला पाटावर बसवलं.

कुंदाबायनी आपला नारळ आणि तांदूळ घेतले. उठल्या. हाताचं पीठ झटकलं. मांडवातल्या ढिगात त्यांच्या चपला कुठे दिसत नव्हत्या. नरेशची आईच उठली, ढिगात वाकली, तिने जोड शोधला आणि त्यांच्या पायांसमोर सरळ करून ठेवला. का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित त्या लवकर जाव्यात म्हणून. कुंदाबायनी एकेक पाय चपलेत घातला, सावकाश, आणि तिच्याकडे आपल्या एका डोळ्याने बघितलं.

"मुलाकातीला जाशील ना तलोज्याला? सांग त्याला. कुंदाबायनी नाव घेऊन बोलावला होता म्हनाव. आज्याच्या पंगतीला."